मूर्ती शुद्ध हवी, माणूस मेला तरी चालेल

जपानच्या मनोरंजन धंद्यात 'आयडॉल' हा एक रीतसर हुद्दा आहे. शब्द इंग्रजीतून उचललेला, अर्थ मूर्ती. एजन्सी शाळकरी वयाच्या पोरी निवडते, त्यांना गाणं-नाच शिकवते, गट बांधून रंगमंचावर उभं करते आणि चाहत्यांना सांगते, ही तुमची आहे, फक्त तुमची. आता मूर्ती म्हटली की मूर्तीचे नियम आलेच. मूर्तीला मित्र नसतो. मूर्ती थकत नाही, चिडत नाही, आपल्या वाट्याचा हिशोब मागत नाही. आणि मूर्ती बाटली की पुढे काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

'ओशी नो को' ही जपानी मालिका याच धंद्याबद्दल आहे. 'ओशी' म्हणजे आपण जिच्यामागे उभे राहतो, जिच्यावर पैसा आणि जीव दोन्ही लावतो ती. 'को' म्हणजे मूल. मूळ कथा आका आकासाका आणि मेंगो योकोयारी यांच्या मांगाची, म्हणजे चित्रकथेची. २०२० ते २०२४ ती साप्ताहिकातून चालली. २०२३ मध्ये तिचं ॲनिमे आलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये खरे नट-नट्या घेऊन केलेली आठ भागांची मालिका प्राइम व्हिडिओवर आली आणि डिसेंबरात शेवट सांगणारा चित्रपट जपानमध्ये लागला. आपल्याकडे ॲनिमे बघणारी पोरं-पोरी आता वस्तीवस्तीत आहेत. त्यातल्या काहींनी हे सगळं बघून स्टेटस टाकले, 'सिस्टीम उघडी पाडली राव'. त्यांच्यासाठीच हा लेख. कथेचा शेवट पुढे येणार आहे, ज्यांना तो कळायला नको असेल त्यांनी आधी बघून यावं.

माझं म्हणणं असं की ही कथा अर्ध्या वाटेपर्यंत सिस्टीम उघडी पाडते आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत तिलाच वाचवते. गुन्ह्याचा सगळा भार एका विकृत माणसाच्या डोक्यावर ठेवला की बाकीचे घरी जायला मोकळे होतात. एजन्सी मोकळी, चॅनेल मोकळं, जाहिरातदार मोकळे आणि तिकीट काढून बसलेले आपणही.

आधी जे चांगलं केलंय ते सांगतो.

नायिका आय होशिनो. जपानीत 'आय' म्हणजे प्रेम. आमच्या गावाकडे आय म्हणजे आई, आणि छापील मराठीत आय म्हणजे उत्पन्न. लेखकाला मराठी येत असण्याची शक्यता नाही, पण हे तिन्ही अर्थ तिला लागू पडतात. चाहत्यांना ती प्रेम आहे, दोन जुळ्या मुलांना आय आहे आणि कंपनीला उत्पन्न. आईने मारलेली, मग अनाथाश्रमात टाकलेली ही मुलगी. प्रेम म्हणजे काय हे तिला कधी मिळालंच नाही. कंपनीचा मालक तिला सांगतो की खोटं बोललीस तरी चालेल, 'तुमच्यावर प्रेम आहे' म्हणत राहा, म्हणता म्हणता खरं होईल. सोळाव्या वर्षी ती गुपचूप बाळंत होते. मुलं लपवायची, कारण मूर्तीला मुलं नसतात. विसाव्या वर्षी, डोममधल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, एक चाहता तिच्या दारात येऊन तिला भोसकतो. त्याचा राग एवढाच की तू आम्हाला फसवलंस.

त्या चाहत्याला वेडा म्हणणं सोपं आहे. पण 'ही फक्त तुझी आहे' हे त्याला कुणी विकलं होतं? त्याने तर पावतीवर लिहिलेला माल मागितला. हा भाग कथेत अंगावर येतो आणि तो खोटा नाही. मे २०१४ मध्ये एकेबी-४८ या सर्वात मोठ्या गटाच्या हस्तांदोलन कार्यक्रमात एका माणसाने करवत चालवून दोन मुलींना जखमी केलं. मे २०१६ मध्ये टोकियोत गाण्याच्या कार्यक्रमाला निघालेल्या एका वीस वर्षांच्या गायिकेवर चाहत्याने चाकूचे अनेक वार केले. ती वाचली. हस्तांदोलनाचं गणितही समजून घ्या. सीडी विकत घ्या, आत तिकीट मिळेल, तिकिटावर त्या मुलीचा हात काही सेकंद धरता येईल. दुसऱ्या सीडीत मतपत्रिका. मतं जास्त तर मुलगी पुढच्या रांगेत, कमी तर मागच्या. २००९ ते २०१८ पर्यंत एकेबी-४८ने या प्रकाराला 'सार्वत्रिक निवडणूक' असंच नाव दिलं होतं. एकच माणूस शेकडो सीड्या घेऊन शेकडो मतं देऊ शकत होता. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य यासाठी आयुष्य खर्च झालेल्या परंपरेतल्या माणसाने ही निवडणूक बघून हसावं की चिडावं, मला ठरवता आलेलं नाही.

आता शुद्धतेकडे येतो, कारण माझ्या मते धंद्याचा खरा माल तोच आहे. गाणी बरी-वाईट असतात, आवाज कधी कधी नसतोच. विकलं जातं ते 'अजून कुणाची झालेली नाही' हे.

३१ जानेवारी २०१३. एकेबी-४८ची मिनामी मिनेगिशी, वय वर्षं वीस. एका साप्ताहिकाने छापलं की ती एका तरुणाच्या घरी रात्रभर राहिली. त्याच दिवशी गटाच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर तिची चित्रफीत आली. डोक्याचं मुंडण केलेलं, ढसाढसा रडत, वाकून माफी मागत होती. तिला शिकाऊ दर्जावर उतरवलं गेलं. तरुणाचं काय झालं म्हणाल तर काही नाही, त्याचं मुंडण झालं नाही. केशवपनाविरुद्ध जिथे न्हाव्यांनी संप केला, त्या महाराष्ट्रातल्या वाचकाला या चित्रफितीचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

दुसरं उदाहरण तर त्याहून भयंकर. डिसेंबर २०१८, निईगाता शहर. एनजीटी-४८ची माहो यामागुची हिला तिच्या राहत्या घराच्या दारात दोन पुरुषांनी धरलं. पोलिसांनी त्यांना पकडलं, खटला भरला गेला नाही. व्यवस्थापन गप्प. महिनाभर वाट बघून तिने स्वतःच ही गोष्ट जाहीर केली. आणि १० जानेवारी २०१९ रोजी, गटाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात, तिनेच रंगमंचावर उभं राहून झाल्या त्रासाबद्दल माफी मागितली. हल्ला तिच्यावर, माफीही तिचीच. काही महिन्यांत तिने गट सोडला. बाईवर हात पडला की बाईनेच मान खाली घालायची, ही रीत कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

इथे हमखास एक शहाणा उभा राहतो आणि म्हणतो, 'अहो, पण त्यांनी करारावर सही केली होती ना? कुणी जबरदस्ती केली?'

कराराबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण मालिका नेमकी इथेच हात आखडता घेते. २०१५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने एका सतरा वर्षांच्या माजी आयडॉल मुलीला ६ लाख ५० हजार येन भरायला लावले. गुन्हा काय, तर करारात मनाई असताना तिने मुलाशी संबंध ठेवला. सही केली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पुरुष चाहत्यांचा पाठिंबा टिकवायचा तर असा नियम लागतोच, असं न्यायालयाने धरलं. काही महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयात दुसऱ्या एका मुलीवरचा असाच दावा फेटाळला गेला. प्रेम करणं हा माणसाच्या सुखाच्या हक्काचा भाग आहे, असं तिथे मान्य झालं. कायदा तोच, न्यायालय तेच, माणूस आणि माल यांतलं काय निवडायचं एवढाच फरक.

करार फक्त प्रेमापुरता नसतो. रेना नोनेन ही नटी २०१३च्या एका सकाळच्या मालिकेने देशभर माहीत झाली. पुढे एजन्सीशी बिनसलं आणि २०१६ मध्ये तिला 'नोन' हे नवं नाव घेऊन काम करावं लागलं. रेना नोनेन हे तिचं टोपणनाव नव्हतं. आईबापांनी ठेवलेलं, जन्माच्या दाखल्यावरचं नाव होतं. एजन्सी सोडली म्हणून स्वतःच्या नावावरही वाद! आपल्या आजोबा-पणजोबांची नावं वरच्यांनी हवी तशी मोडली, त्यामुळे नावाची किंमत काय असते हे आपल्याला कळतं.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात या सहीच्या स्वातंत्र्याचा समाचार घेतलेला आहे. राज्याने आर्थिक व्यवहारात हात घातला नाही की स्वातंत्र्य उरतं असं म्हणतात, तर ते कुणाचं उरतं, असा त्यांचा सवाल होता. जमीनदाराचं आणि मालकाचं. भाडं वाढवायचं, तास वाढवायचे, मजुरी उतरवायची यांचं. ज्याच्यासमोर एक बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला उपासमार आहे, त्याची सही स्वतंत्र माणसाची सही नसते. तो युक्तिवाद शेतमजूर आणि कामगार डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. अनाथाश्रमातून आलेली, कोवळ्या वयात सही करणारी आय त्यात तंतोतंत बसते. मात्र तिच्या कथेत तो कागद एकदाही टेबलावर वाचून दाखवला जात नाही. मानधन कमी आहे अशी कुरकुर येते, विनोदाच्या अंगाने, आणि जाते.

आता कुणी म्हणेल, जपानचं तिथं, आपलं इथं, ही ओढून-ताणून जुळवाजुळव झाली. म्हणून थोडा इतिहास.

जपानमध्ये नाचणाऱ्या-गाणाऱ्यांना जुन्या काळी 'कावारामोनो' म्हणत. शब्दशः नदीकाठचे लोक. नदीच्या पात्रातली जमीन करातून सुटलेली, पुराची, कुणाची नसलेली. तिथे कातडी कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे आणि खेळ करणारे शेजारी शेजारी राहत. काबुकी आज जपानचं अभिजात नाट्य म्हणून मिरवतं. त्याचा आरंभ १६०३च्या सुमारास क्योतोत कामो नदीच्या पात्रात इझुमो नो ओकुनी नावाच्या बाईने केला. बायकांचं काबुकी लोकप्रिय झालं, नाचणाऱ्या बायका विकल्या जाऊ लागल्या आणि १६२९ मध्ये राज्यकर्त्यांनी काय केलं? विकत घेणाऱ्यांना नव्हे, बायकांना रंगमंचावरून हाकललं. त्यांच्या जागी कोवळी पोरं आली, तीही विकली गेली. १६५२ मध्ये पोरांवर बंदी. गिऱ्हाइकावर बंदी कधीच नाही. तमाशाच्या फडात कोण नाचलं आणि पुढच्या रांगेत फेटा उडवत कोण बसलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा इतिहास परका वाटू नये.

पुढची गंमत बघा. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अस्पृश्यांचा प्रमुख दांझाएमोन याचा खेळ करणाऱ्यांवर हक्क चाले. १७०८ मध्ये वाद निकालात निघाला आणि काबुकीवाले त्याच्या अंमलातून सुटले. सुटले म्हणून त्यांनी आनंद केला. विटाळाची कल्पना मोडली नाही, आपण त्या यादीतून बाहेर पडलो एवढंच. श्रेणीबद्ध विषमतेत हेच होतं, प्रत्येकाला खालच्या पायरीवरून सुटायचं असतं, जिना पाडायचा नसतो. कातडी कमावणाऱ्यांच्या वंशजांना, म्हणजे बुराकू समाजाला, १८७१ मध्ये कायद्याने मोकळं केलं तरी भेदभाव गेला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत त्यांनी सुइहेइशा ही संघटना उभी केली. म्हणजे महाडच्या पाच वर्षं आधी.

एक गोष्ट आपल्याच माणसांसाठी. जपान बौद्ध देश आहे म्हणून आपल्यातल्या अनेकांना त्याचं कौतुक असतं. तिथल्या मंदिरांनी बुराकू माणसांना मरणानंतर द्यायच्या धार्मिक नावांतही 'जनावर' अशा अर्थाची अक्षरं घातली होती. विहार असला की समता असतेच असं नाही.

आजच्या आयडॉल मुली बुराकू आहेत असं मी म्हणत नाही. नाच-गाणं करणाराचं अंग समाजाच्या मालकीचं आणि त्याची अब्रू मात्र त्याची एकट्याची जबाबदारी, ही नजर कुठून आली ते सांगतोय. आधी ती अशुद्धतेच्या शिक्क्याने चालली, आता शुद्धतेच्या सक्तीने चालते.

मालिकेतला सर्वात प्रामाणिक भाग मला अकाने कुरोकावाचा वाटतो. मेहनती, अबोल नटी. रिॲलिटी शोमध्ये तिला कुणी विचारत नाही. काहीतरी सनसनाटी कर, असा दबाव येतो. ती प्रयत्न करते, चुकून दुसऱ्या मुलीच्या गालावर नख लागतं. दोघी लगेच एकमेकींना मिठी मारतात, विषय संपतो. पण दाखवलं जातं ते फक्त नख, मिठी कापली जाते. मग रात्रंदिवस शिव्या, मर म्हणणारे संदेश, आणि एका वादळी रात्री ती पुलाच्या कठड्यावर चढते. कथेत तिला नायक वाचवतो.

हाना किमुराला कुणी वाचवलं नाही. व्यवसायाने कुस्तीगीर, आई जपानी, वडील इंडोनेशियाचे. 'टेरेस हाऊस' या फुजी टीव्ही आणि नेटफ्लिक्सवरच्या कार्यक्रमात ती होती. सहनिवासी मुलाच्या चुकीने तिचा कुस्तीचा पोशाख धुण्यात खराब झाला, तिने चिडून त्याची टोपी उडवली. मार्च २०२० मध्ये हा प्रसंग नेटफ्लिक्सवर आला आणि शिव्यांचा पूर सुरू झाला. तिने स्वतःला इजा केली, तरीही मे महिन्यात तोच भाग टीव्हीवर लागला. २३ मे २०२० रोजी ती गेली. बावीस वर्षांची होती. शिव्या देणाऱ्यांपैकी दोघांना दंड झाला, प्रत्येकी ९ हजार येन. हानाची आई क्योको किमुरा, तीही कुस्तीगीर, लढत राहिली आणि २०२२ मध्ये अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड अशी वाढली. कायदा बदलला तो या बाईच्या पाठपुराव्याने, कुठल्या मालिकेने नव्हे.

आणि २०२३ मध्ये ॲनिमेत अकानेचा भाग आला तेव्हा क्योको किमुराने जाहीर आक्षेप घेतला. माझ्या मुलीच्या मरणाचा हा वापर आहे, आम्हाला विचारलंही नाही, असा तिचा रोख होता. तेव्हा चाहत्यांनी काय करावं? ऑनलाइन छळ किती वाईट हे शिकवणारा भाग बघून रडलेल्या चाहत्यांपैकी काही जण त्या आईवरच तुटून पडले. कथा आवडणं वेगळं आणि कथेतून काही शिकणं वेगळं. भक्तीचं हे असंच असतं. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या शेवटच्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो चाहत्यांच्या क्लबांच्या दारावरही लावायला हरकत नाही. आपल्याही काही क्लबांच्या.

मग ही कथा बिघडते कुठे?

आयच्या खुन्याला पत्ता पुरवणारा कोण, याचा शोध तिचा मुलगा अकुआ घेतो. उत्तर निघतं की मुलांचा बाप, हिकारू कामिकी. देखणा, हुशार, आतून सडलेला, चमकणाऱ्या मुलींना संपवण्यात रस असलेला. संपलं. आठ भाग आपण बघत होतो की निर्माता खोटं बोलतो, एजन्सी दाबते, साप्ताहिक फोटो काढून सौदा करतं, दिग्दर्शक नवख्या मुलीला घरी बोलावतो. हे सगळे हात आपल्यासमोर होते. शेवटी कळतं की खरा सैतान एकच होता आणि तो मेला की हिशोब चुकता. मूळ मांगात तर असंही येतं की हा कामिकी स्वतः लहान असताना एका नाटक मंडळीतल्या मोठ्या नटीने त्याचं शोषण केलं होतं. केवढा मोठा दरवाजा उघडला होता लेखकाने! शोषित मूल, गप्प बसलेली मंडळी, पुढे तेच मूल राक्षस. पण त्या दारातून लेखक आत जात नाही, खलनायकाची कुंडली म्हणून वापरतो आणि पुढे निघून जातो.

दुसरी गोष्ट डोळ्यांतल्या चांदणीची. ॲनिमे बघितलेल्यांना माहीत आहे. आयच्या डोळ्यांत चांदणी, तिच्या मुलांच्या डोळ्यांत चांदणी. ज्याच्या डोळ्यांत ती आहे त्याच्याकडे लोकांचे डोळे वळतात. बाकीच्या मुली घाम गाळतात, पण रुबी चमकते कारण ती आयच्या पोटी जन्मली. म्हणजे गुणवत्ता रक्तातून उतरते. हे वाक्य आपण आरक्षणाच्या प्रत्येक वादात ऐकलेलं नाही का? धंद्यातल्या घराण्यांची पोरं रांगेत पुढे का असतात, याला ओळख, पैसा आणि एजन्सी अशी साधी उत्तरं आहेत. कथा त्यांना चांदणीत बदलते. पुनर्जन्माचं तर मी सोडूनच देतो. डॉक्टर मेला आणि आपल्या आवडत्या गायिकेच्या पोटी स्मृतीसकट जन्मला, हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने कल्पनेचा खेळ म्हणून गोड मानून घ्यावं. पण न्याय मिळवायला मागच्या जन्माची आठवण लागते, जिवंत माणसांची संघटना लागत नाही, हे मला गोड मानून घेता येत नाही.

शेवटी अकुआ त्या बापाला घेऊन समुद्रात बुडतो. धंद्याचा सूड धंद्याने पाळलेल्या पोराच्या जिवावर. आणि रुबी? भावाच्या मरणाचं दुःख गिळून ती उभी राहते, हसते, आई जिथे पोचू शकली नाही त्या डोममध्ये गाते. एजन्सी तीच. हसून खोटं बोलायची रीत तीच. प्रेक्षक रडतात, काठ्यांचे दिवे हलवतात. मालिकेत आय आणि रुबी साकारणाऱ्या असुका साइतो आणि नागिसा साइतो या दोघी प्रत्यक्षातही आयडॉल गटांतून आलेल्या आहेत. त्यांच्या मेहनतीला नावं ठेवायची नाहीत मला. धंद्याने आपला अंधारसुद्धा पॅक करून विकला, एवढंच नोंदवतो.

ॲनिमेचा पहिला भाग १२ एप्रिल २०२३ रोजी लागला. त्याच दिवशी टोकियोत परदेशी पत्रकारांच्या क्लबमध्ये काउआन ओकामोतो नावाचा तरुण गायक नावानिशी, चेहऱ्यानिशी बसला आणि म्हणाला की किशोरवयात जॉनी कितागावाने माझं लैंगिक शोषण केलं. खरी कथा त्या टेबलावर होती.

कितागावा हा जॉनीज या एजन्सीचा संस्थापक. १९६२ पासून मुलांचे गट घडवणारा. कुणाला संधी द्यायची आणि कुणाला नाही हे एकटा ठरवणारा. मुलं त्याच्या घरी मुक्कामाला राहत. १९९९ मध्ये 'शुकान बुनशुन' साप्ताहिकाने त्याच्याविरुद्ध लेखमाला छापली, त्याने खटला भरला. २००३ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने शोषणाबद्दलचा मुख्य मजकूर खरा धरला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचं अपील टिकलं नाही. त्यानंतर काय झालं? काही नाही. वृत्तपत्रांनी कोपऱ्यात बातमी दिली, टीव्हीने तेवढीही नाही. या मुलांशिवाय कार्यक्रम चालत नव्हते, जाहिराती चालत नव्हत्या. एकाला दुखावलं तर बाकी सगळे तारे हातचे जाणार, हे प्रत्येक चॅनेलला माहीत होतं. स्मॅप हा देशातला सर्वात मोठा गट एजन्सी सोडायचा विचार करतोय असं कळलं तेव्हा जानेवारी २०१६ मध्ये पाचही जणांना गडद सूट घालून थेट प्रक्षेपणात माफी मागायला उभं केलं गेलं. पुढे तिघे बाहेर पडले आणि टीव्हीवरून जवळपास गायब झाले. २०१९ मध्ये व्यापार आयोगालाही त्याबद्दल एजन्सीला समज द्यावी लागली.

त्या काळचा कायदाही ऐका. २०१७ पर्यंत जपानच्या दंडसंहितेत बलात्काराचा बळी फक्त बाई असू शकत होती. मुलग्यासाठी तो शब्दच नव्हता. २०२३ पर्यंत संमतीचं वय १३ होतं, त्या वर्षी ते १६ झालं. म्हणजे आयच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या काळात कायदा तेरा वर्षांच्या मुलीची सही पुरेशी मानत होता.

जुलै २०१९ मध्ये कितागावा ८७व्या वर्षी सुखाने वारला. त्याचा निरोप समारंभ टोकियो डोममध्ये झाला. तोच डोम. तत्कालीन पंतप्रधानांचा शोकसंदेश वाचला गेला.

इथे समुद्रात कुणी कुणाला बुडवलं नाही. मार्च २०२३ मध्ये बीबीसीने माहितीपट केला, ओकामोतो बोलला, मग आणखी बोलले, पीडितांनी संघटना केली, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा गट येऊन गेला. ऑगस्टमध्ये बाहेरच्या तज्ज्ञांच्या अहवालात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या, दशकानुदशकं चाललेलं शोषण आणि माध्यमांचं मौन. सप्टेंबरमध्ये कंपनीने गुन्हा मान्य केला. भरपाईसाठी सुमारे हजार जण पुढे आले, पाचशेहून अधिक जणांना ती मिळाली. बोललेल्यांपैकी एकाने, 'पैशासाठी खोटं बोलतोय' अशा ऑनलाइन शिव्या खाऊन, त्याच वर्षी आयुष्य संपवलं. अकानेच्या पुलावर तेव्हा कुणी नायक नव्हता.

आणि हाच न्याय फुजी टीव्हीचा. 'टेरेस हाऊस' दाखवणारं तेच चॅनेल. स्मॅपचाच माजी सदस्य मासाहिरो नाकाई आणि एका महिला कर्मचाऱ्याचं प्रकरण त्यांनी आत दाबून ठेवलं. जानेवारी २०२५ मध्ये डझनावारी जाहिरातदारांनी जाहिराती काढल्या, तेव्हा कुठे अध्यक्ष आणि प्रमुख पायउतार झाले. पत्रकार परिषद दहा तासांहून जास्त चालली. मार्चच्या अखेरीस चौकशी समितीने स्पष्ट लिहिलं की ती लैंगिक हिंसा कामाचाच पुढचा भाग म्हणून घडली. एका विकृताची नव्हे, कामाची. जो शब्द 'ओशी नो को'च्या लेखकाला साडेचार वर्षांत सापडला नाही, तो एका चौकशी समितीच्या रुक्ष अहवालात आहे.

जॉनीजची दुसरी पत्रकार परिषद २ ऑक्टोबर २०२३ रोजी झाली. कंपनी नाव बदलणार, भरपाई देणार, आता सगळं पारदर्शक होणार, असं सांगण्यासाठी ती होती. दोन दिवसांत बाहेर आलं की आयोजकांकडे पत्रकारांची एक यादी होती, कुणाला प्रश्न विचारू द्यायचा नाही याची, नाव आणि फोटोसकट. ती माणसं सभागृहात होती आणि हात वर करून बसली होती.